परळचे मिशन : श्रद्धा, वस्ती आणि कारभाराचा प्रश्न

प्रास्ताविक

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्याविषयीचे मराठी लेखन प्रामुख्याने दोन अंगांनी झालेले आहे. प्रार्थना समाजाचे प्रचारक आणि उदार धर्माचे भाष्यकार म्हणून त्यांचा विचार एकीकडे होतो; अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीचे अध्वर्यू म्हणून दुसरीकडे. मा. प. मंगुडकर यांनी १९६३ साली सिद्ध केलेला 'शिंदे लेखसंग्रह' आणि गो. मा. पवार यांचे 'महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : जीवन व कार्य' (२००४) हे साक्षेपी चरित्र यांमुळे या दोन्ही अंगांची साधने अभ्यासकांच्या हाती आली. पवारांच्या चरित्रास २००७ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, तो सर्वार्थाने योग्यच होता. तथापि धर्मश्रद्धा आणि वस्तीतील काम ही दोन प्रकरणे वेगवेगळी वाचण्याची सवय या सर्व लेखनानंतरही सुटलेली नाही. विद्यापीठीय अभ्यासक्रमांत तर ती अधिकच घट्ट झाली आहे. मराठीचा प्राध्यापक शिंदे यांचे आत्मकथन शिकवतो, इतिहासाचा प्राध्यापक त्यांची परिषद शिकवतो, आणि परळ कोणाच्याच वाट्याला येत नाही.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे एल्फिन्स्टन रोडवर मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात एक शाळा सुरू झाली. तिच्यामागची संस्था म्हणजे भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, अर्थात डिप्रेस्ड क्लासेस मिशन सोसायटी ऑफ इंडिया. अध्यक्ष न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर, जनरल सेक्रेटरी स्वतः शिंदे. धर्मश्रद्धेच्या प्रेरणेने एखाद्या शहरातील हलाखीच्या वस्तीत मुक्काम ठोकायचा आणि तेथील जीवन आतून उभे करायचे, असा हा प्रयोग होता. तो कोठवर पोहोचला आणि कोठे अडला, याची चिकित्सा शिंदे यांच्या 'माझ्या आठवणी व अनुभव' (१९५८) या आत्मकथनाच्या आधारे येथे केली आहे. या प्रयोगाची मर्यादा सेवकांच्या निष्ठेत नव्हती. ज्या श्रद्धेवर तो उभा होता ती श्रद्धा सेवकांची होती, वस्तीची नव्हती. आणि त्यामुळे संस्थाही वस्तीची होऊ शकली नाही, हे येथील प्रतिपादन आहे.

वस्तीत राहण्याची कल्पना

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे वारकरी वळणाच्या मराठा घरात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून १८९८ साली पदवी घेतल्यावर ते प्रार्थना समाजाकडे ओढले गेले आणि युनिटेरियनांच्या साहाय्याने १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अध्ययनासाठी राहिले. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे गुरू तेथे भेटले. या वास्तव्यातून त्यांनी धर्मांचा तौलनिक विचार आणला, हे सर्वांना मान्य आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट आणली, तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. ती म्हणजे युनिटेरियन पंथाची 'डोमेस्टिक मिशन' ही संस्थापद्धती.

या पद्धतीचा उगम बोस्टनमध्ये आहे. जोसेफ टकरमन या धर्मोपदेशकाने १८२६ पासून तेथील गरीब वस्त्यांत घरोघर जाण्याचे काम आरंभले. त्याचे अनुकरण पुढे इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत झाले. लिव्हरपूलचे मिशन १८३६ सालचे आहे. या मिशनांत पंथप्रचारापेक्षा घरभेट, शाळा, बचतपेढी, आजाऱ्याची विचारपूस यांना महत्त्व होते. परदेशातल्या 'हीदन' लोकांना तारण्यासाठी जहाजात बसण्यापूर्वी आपल्याच शहरातील गल्ली पाहावी, असा त्यामागचा काहीसा टोमणेवजा विचार होता. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८४ साली निघालेला टॉयन्बी हॉल याच परंपरेचे पुढचे रूप होय. तेथे विद्यापीठाचे पदवीधर वस्तीत येऊन राहू लागले. शिंदे यांनी 'मिशन' हा शब्द निवडला तेव्हा त्यांच्यापुढे हे गृहमिशन होते, नगर जिल्ह्यात खेडोपाडी धर्मांतर घडवणारे मिशन नव्हते. महाराष्ट्रात मात्र या शब्दाचा अर्थ पाद्र्यांशी इतका जखडलेला होता की या निवडीची किंमत त्यांना आयुष्यभर मोजावी लागली.

ऑक्सफर्डहून परतल्यावर १९०३ अखेरीपासून ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १९०५ साली नगरजवळील भिंगार येथे अस्पृश्यांच्या रात्रीच्या सभेत जे पाहिले-ऐकले त्यातून या कार्यास आयुष्य वाहण्याचा निश्चय झाला, असे ते सांगतात. हा प्रसंग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे आणि त्यावर बरेच भाविक लेखन झालेले आहे. त्याहून महत्त्वाचे ते नंतर घडले. हा निश्चय खेड्यात झाला खरा, परंतु त्याची अंमलबजावणी त्यांनी गिरणगावात केली. भावनेच्या भरात माणूस जेथे निश्चय करतो तेथेच आश्रम काढतो. शिंदे यांनी तसे केले नाही. काम कोठे उभे राहील याचा विचार केला.

परळ त्या काळी झपाट्याने बदलत होते. १८९६ च्या प्लेगनंतर शहराची घडी विस्कटली होती. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता. गिरण्यांभोवती चाळी आणि झावळ्यांच्या झोपड्या यांची गर्दी वाढत होती. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या स्पृश्य-अस्पृश्य कामगारांचे संसार एकाच चिमणीच्या धुराखाली, पण वेगवेगळ्या वस्त्यांत, चालू होते. प्रार्थना समाजाचे मंदिर गिरगावात. तेथून परळपर्यंतचे अंतर ट्रामने फारसे नव्हते; उपासनेला बसणारा वकील आणि खात्यात घाम गाळणारा महार यांच्यातले अंतर मात्र फार होते. शिंदे यांनी हे दुसरे अंतर ओलांडण्याचा मार्ग व्याख्यानात शोधला नाही, तर बिऱ्हाडात शोधला. वडील रामजीबाबा, आई यमुनाबाई, पत्नी रुक्मिणीबाई आणि भगिनी जनाबाई असे सारे कुटुंबच या कामात ओढले गेले. जनाबाईंचे काम तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावे इतके मोठे आहे. आत्मकथनात तो विषय जेवढ्यास तेवढाच येतो, ही त्या ग्रंथाची एक उणीव मानावी लागते. अस्पृश्य मुलांबरोबर राहावयाचे, त्यांच्या पंक्तीस बसावयाचे, ही गोष्ट त्या काळी एका वारकरी घरातील वृद्ध आईबापांनी पत्करावी, यामागे जी श्रद्धा आहे तिचे मोल संस्थेच्या जमाखर्चात मांडता येत नाही.

शाळेबरोबर मोफत दवाखाना आला, पुस्तकबांधणीचा वर्ग आला, शिवणवर्ग आला, वसतिगृह आले, भजन आणि उपासना आली. पुढे पुणे, हुबळी, मंगळूर, मद्रास अशा ठिकाणी शाखा निघाल्या. पुण्यात भोकरवाडीत होळकरांच्या देणगीतून अहल्याश्रम उभा राहिला. हा विस्तार थक्क करणारा आहे. चरित्रकारांनी तो तपशीलवार नोंदविला असल्याने येथे त्याची पुनरुक्ती अनावश्यक आहे.

'निराश्रित' हा शब्द

समीक्षेच्या दृष्टीने खरा प्रश्न संस्थेच्या नावापासून सुरू होतो. 'निराश्रित' म्हणजे ज्याला आश्रय नाही असा. हा शब्द एक स्थिती सांगतो. ती कोणामुळे आली हे सांगत नाही. शिवाय आश्रयाचा अभाव म्हटला की आश्रयदाता आपोआप गृहीत धरला जातो. 'साहाय्यकारी' हे पुढचे पद ती जागा भरून टाकते. म्हणजे नावातच दोन पक्ष ठरून गेले : एक आश्रयहीन, दुसरा साहाय्य करणारा, आणि संस्था दुसऱ्या पक्षाची.

इंग्रजी नावातील 'डिप्रेस्ड' हा शब्द याहून थोडा वेगळा आहे. त्यात दाबले जाण्याची छटा आहे आणि दाबणाऱ्याची पुसट आठवण आहे. मराठीकरणात ती नाहीशी झाली. अठरा वर्षांनी, २० जुलै १९२४ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा' होते. 'बहिष्कृत' हे कर्मणी धातुसाधित आहे. कोणीतरी बहिष्कार घातल्याशिवाय कोणी बहिष्कृत होत नाही. हा शब्द उच्चारताच कर्ता हजर होतो. विशेष म्हणजे या सभेचे कार्यालयही परळमध्येच, दामोदर हॉलमध्ये होते. आंबेडकरांचे कुटुंब १९०४ च्या सुमारास लोअर परळच्या डबक चाळीत राहावयास आले होते, म्हणजे मिशनची शाळा उघडली तेव्हा 'निराश्रितां'मधील पुढचा नेता त्याच परिसरात राहून एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होता. एकाच वस्तीने दोन दशकांच्या आत स्वतःसाठी दोन नावे ऐकली.

हा भेद मांडताना घाई करून चालणार नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्षही सर चिमणलाल सेटलवाड होते आणि कार्यकारी मंडळाची सूत्रे आंबेडकरांकडे होती. सवर्ण प्रतिष्ठितांची नावे दोन्ही संस्थांच्या पत्रिकांवर होती. तेव्हा नुसत्या नावांच्या यादीवरून एक संस्था परावलंबी आणि दुसरी स्वावलंबी ठरवणे हे वरवरचे होईल. फरक पडतो तो कारभार कोण पाहतो आणि वस्तीला कोणत्या नावाने हाक मारली जाते, या दोन ठिकाणी.

शिंदे यांच्या काळी ही वस्ती मुकी होती असाही समज करून घेण्याचे कारण नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच आपल्या समाजाचे गाऱ्हाणे लिहून मांडले होते. शिवराम जानबा कांबळे यांचे 'सोमवंशीय मित्र' हे मासिक १९०८ साली निघाले. कबीरपंथ, वारकरी भजनी मंडळे, चोखोबांची परंपरा, जातपंचायत अशी श्रद्धेची आणि संघटनेची स्वतःची साधने या माणसांजवळ होती. मिशनने या साधनांशी वैर केले नाही. शिंदे यांच्या वारकरी संस्कारामुळे भजनाची भाषा त्यांना परकी नव्हती. परंतु या साधनांवर संस्था उभारलीही नाही. मंडळी उभी राहिली ती गिरगावच्या एकेश्वरी उपासनेवर आणि तेथील दानशूरांच्या वर्गणीवर.

'माझ्या आठवणी व अनुभव' वाचताना याची खूण निवेदनात सापडते. शिंदे यांचे गद्य प्रांजळ, सावकाश आणि तपशिलाला धरून चालणारे आहे. जमखंडीच्या बालपणाचा भाग तर मराठी आत्मकथनातील उत्तम गद्याचा नमुना ठरावा; तेथे माणसे चेहऱ्यामोहऱ्यानिशी येतात. मिशनचा भाग आला की निवेदनाचा सूर बदलतो. सभा, देणग्या, शाखा, अध्यक्ष, वार्षिक समारंभ यांची गर्दी होते आणि वस्तीतील माणसे बहुधा समूहाने दिसतात. हा लेखकाचा दोष म्हणावा की संस्थेच्या रचनेचा परिणाम? दुसरेच अधिक खरे वाटते. जो माणूस दिवसभर वर्गणीदारांना अहवाल लिहितो त्याच्या स्मरणाची भाषाही हळूहळू अहवालाची होते. आजच्या स्वयंसेवी संस्थांच्या चालकांना हा अनुभव नवा वाटणार नाही.

धर्मांतराविना धर्म

शिंदे यांच्या प्रयोगाचे सर्वांत उदात्त अंग म्हणजे त्यांनी सेवेच्या बदल्यात पंथाची दीक्षा मागितली नाही. शाळेत येणाऱ्या मुलाने प्रार्थना समाजी व्हावे अशी अट नव्हती. ख्रिस्ती मिशनांवर 'भाकरीचे आमिष' दाखवल्याचा जो आरोप होत असे, तो या मिशनवर करणे कोणालाच शक्य नव्हते. मिशनच्या सेवकवर्गात सय्यद अब्दुल कादर यांच्यासारखा सहकारी असावा, यावरूनही त्या धर्मभावनेची रुंदी कळते.

पण नेमका येथेच पेच आहे. ख्रिस्ती मिशनने दीक्षा दिली, आणि दीक्षेबरोबर मंडळीतील सभासदत्वही दिले. महार ख्रिस्ती झाला की तो चर्चच्या पंचांत बसू शके, पुढे त्याचा मुलगा पाळक होऊ शके. निदान तत्त्वतः तरी ती वाट मोकळी होती. शिंदे यांच्या मिशनने दीक्षा मागितली नाही, म्हणून सभासदत्वाचा प्रश्नही उपस्थित झाला नाही. वस्तीतील माणूस लाभार्थी राहिला. औदार्याने जे आमिष टाळले, त्याच औदार्याने सहभागाचा दरवाजाही नकळत लोटला गेला. गिरगावच्या समाजात परळचा माणूस बरोबरीने येऊन बसला असता तर कदाचित चित्र पालटले असते. परंतु प्रार्थना समाजाने आपल्या सभासदांवर जातित्यागाची सक्ती कधीच केली नव्हती आणि स्वतः शिंदे यांचे समाजाशी मतभेद होऊन १९१० साली त्यांनी प्रचारकपद सोडले. श्रद्धेचे घर आणि सेवेचे घर अशी दोन घरे झाली, आणि सेवक तेवढा दोहोंमध्ये येरझारा घालीत राहिला.

मुंबईतीलच आणखी एका प्रयोगाशी ताडून पाहिले म्हणजे हा पेच अधिक स्पष्ट होतो. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशर्ड यांनी १९२७ साली भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केले. ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू अशा मिश्र आणि शेजारच्या कामाठीपुऱ्यामुळे बदनाम झालेल्या या वस्तीत त्यांनी वाचनालय, वर्ग, खेळ आणि चर्चा यांवर भर दिला व प्रवचन बाजूस ठेवले. मिशनरी कार्यावरील गांधीजींच्या टीकालेखांचे संकलन पुढे १९४९ मध्ये याच मॅनशर्ड यांनी संपादित करून प्रसिद्ध केले, यावरून त्यांच्या मनाची दिशा समजते. १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले ते याच वास्तूत, आणि त्याचे पहिले संचालकही तेच होते. आजची टाटा समाजविज्ञान संस्था तिची वारस. नागपाड्यात श्रद्धेचे रूपांतर व्यवसायशिक्षणात झाले. परळमध्ये तसे झाले नाही. तेथे श्रद्धा शेवटपर्यंत श्रद्धाच राहिली. मात्र वस्तीच्या माणसाच्या हाती संस्थेची किल्ली दोन्हीकडे सहजासहजी आली नाही.

हस्तव्यवसायाच्या वर्गांचाही येथे विचार केला पाहिजे. पुस्तकबांधणी आणि शिवण शिकवणे उपयुक्त होतेच. परंतु परळच्या अस्पृश्य कामगाराची मुख्य अडचण हस्तकौशल्याची नव्हती. गिरणीतील बरी मजुरी विणकाम खात्यात होती आणि तेथे त्याला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि स्पृश्य विणकरांस त्याचा विटाळ वाटे. म्हणजे विटाळाचा प्रश्न देवळाच्या पायरीवर होता तसाच मागाच्या धोट्यावरही होता. १९२८ च्या गिरणीसंपाच्या वेळी आंबेडकरांनी हा मुद्दा उघडपणे पुढे केला आणि संपाच्या पुढाऱ्यांना तो नाइलाजाने का होईना मागण्यांत घ्यावा लागला. मिशनच्या शाळेच्या हाकेच्या अंतरावर गिरणी होती. पण मिशनच्या कार्यक्रमपत्रिकेत धोटा नव्हता. दानशूर गिरणीमालक व व्यापारी यांच्या सदिच्छेवर चालणाऱ्या संस्थेने गिरणीच्या खात्यात डोकावावे, अशी अपेक्षा करणेही कठीण होते. पुस्तकबांधणीचा वर्ग निरुपद्रवी होता, म्हणूनच तो निघू शकला.

कारभार कोणाचा?

मतभेदाला राजकीय तोंड फुटले ते १९१९ मध्ये. साउथबरो समितीपुढे मतदान व प्रतिनिधित्वाचा प्रश्न आला तेव्हा अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या निवडून आलेल्या सभासदांनी घ्यावेत अशी मिशनच्या बाजूची सूचना होती. तरुण आंबेडकरांनी तिला कडाडून विरोध केला. १९२० च्या मे महिनाअखेरीस नागपूर येथे राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेत हा विरोध जाहीर झाला. आश्रयदाता आणि आश्रित यांचे नाते शाळेपुरते निभावले होते; प्रतिनिधी कोणी निवडायचा हा प्रश्न येताच ते तुटले. शिंदे यांचा हेतू हिंदू समाज दुभंगू नये आणि परकीय सत्तेने त्या दुभंगाचा लाभ घेऊ नये हा होता, याविषयी शंका घेता येत नाही. मात्र ज्याच्या वतीने बोलायचे त्याची संमती हेतूच्या शुद्धतेने मिळत नाही, ही गोष्ट वस्तीत बिऱ्हाड करून राहिलेल्या माणसाच्या लक्षात आधी यावयास हवी होती.

१९२३ साली अस्पृश्य वर्गातील काही मंडळींनी मिशनचा कारभार आपल्याकडे असावा अशी मागणी केली आणि शिंदे यांनी कार्यवाहपद सोडले. त्यांना वेदना झाली, वेगळेपणाच्या राजकारणाने ते निराशही झाले; तरी मिशनशी त्यांनी संबंध तोडला नाही. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले तोपर्यंत पुढाकार पूर्णपणे दुसऱ्या हाती गेला होता. १९५६ साली नागपुरात जे धर्मांतर झाले त्याकडे या संदर्भात पाहिले म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. शिंदे यांनी धर्मश्रद्धेतून वस्ती उभी करू पाहिली. आंबेडकरांनी उभ्या राहिलेल्या वस्त्यांना त्यांची स्वतःची धर्मश्रद्धा दिली. पुढे मुंबईच्या बीडीडी चाळींपासून नागपूरच्या इंदोऱ्यापर्यंत बुद्धविहारे बांधली गेली ती घरोघरच्या वर्गणीतून. त्या विहारांच्या कारभारात भांडणे पुष्कळ झाली आणि होतात. पण ती भांडणे वस्तीची स्वतःची आहेत.

शिंदे यांना गांधीजींच्या हरिजनकार्याचे पूर्वसूरी म्हणण्याची प्रथा अभ्यासकांत रूढ आहे. ती एका मुद्द्यावर तपासून पाहिली पाहिजे. १९३२ साली स्थापन झालेल्या हरिजन सेवक संघाच्या कारभारात अस्पृश्यांना प्रमुख स्थान नव्हते आणि त्याचे तात्त्विक समर्थनही केले गेले : हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, तेव्हा कर्जाची फेड ऋणकोनेच केली पाहिजे, अशी ती भूमिका होती. आंबेडकर त्या संघातून लवकरच बाहेर पडले. शिंदे यांनी कारभार आपल्याच हाती राहावा यासाठी असे कोणतेही तत्त्वज्ञान रचलेले आढळत नाही. मागणी आली, त्यांना ती रुचली नाही, आणि ते खुर्चीवरून उठले. ही घटना संघाच्या स्थापनेच्या नऊ वर्षे आधीची आहे.